हृदयाचे ठोके अनियमित असताना औषधं सांभाळून कशी घ्यावीत

या आजाराच्या गोळ्यांमुळे होत नाही एवढा घोळ त्यांच्या जोडीला घरात येणाऱ्या इतर गोळ्यांमुळे होतो. सर्दीची एक, गुडघ्याची एक, पावसाळ्यात अँटिबायोटिकचा एखादा कोर्स. शिवाय ‘आता धडधडत नाही’ म्हणून परस्पर बंद केलेली एखादी असतेच. त्यामुळे या लेखात जास्त जागा अशा आगंतुकांनाच दिली आहे.

१. कुठली गोळी कशासाठी, ते लिहून काढा

ठोके बिघडण्याचे प्रकार अनेक. त्यांतला नेहमी आढळणारा म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएफ’. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. म्हणून चिठ्ठीवर तीन तऱ्हेची औषधं दिसू शकतात. ठोक्यांचा वेग आवरणारी: मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन. ताल राखणारी: अ‍ॅमिओडॅरोन, सोटॅलॉल, फ्लेकेनाइड. आणि रक्त पातळ करणारी: वॉरफरिन, असेनोकुमारॉल किंवा नव्या पिढीतली अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन.

हा भेद एकदा कळला की धडधड थांबल्यावरही रक्त पातळ करणारी गोळी का चालू ठेवायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. ती धडधडीसाठी नव्हतीच. वेग आवरणारी मेटोप्रोलोलसारखी गोळीही एकदम सोडायची नसते. ठोके आणि रक्तदाब दोन्ही उसळतात.

एका कागदावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कारण लिहा. एक प्रत फाइलला, एक पाकिटात, फोटो मोबाइलमध्ये. केईएम, सायन, नायर अशा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत दर खेपेला ओपीडीत तोच डॉक्टर भेटेल असं नाही. हा कागद समोर ठेवला की निम्मं बोलणं वाचतं.

२. केमिस्टकडे फोनवरून ‘ती छोटी पांढरी गोळी’ मागवू नका

मुंबईत औषधं घरपोच येतात, ही मोठी सोय. पण मागवताना रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पाठवा आणि पिशवी उघडल्यावर ब्रँडच्या खालचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. अ‍ॅपिक्साबॅन अडीचचीही येते आणि पाचचीही; अ‍ॅमिओडॅरोन १०० ची आणि २०० ची. ब्रँड बदलला किंवा जनऔषधी केंद्रातून घेतली म्हणून बिघडत नाही. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉलचा ब्रँड बदलला तर मात्र डॉक्टरांना कळवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) तपासून घ्यावा. स्ट्रिप कापून घेत असाल तर नाव आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा आपल्याकडे यायला हवा.

शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नका. गणपतीला कोकणात निघताना परतीचे दिवस मोजून वर आठवडाभराचा साठा घ्या. गावातल्या दुकानात नेमकी तीच गोळी असेल, हे गृहीत धरू नये. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत. सीटखाली ढकललेल्या मोठ्या बॅगेत नव्हे.

३. वेळ आपल्या लोकलप्रमाणे बसवा

अ‍ॅपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रॅन दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात. रात्री आठला तुम्ही अजून विरार लोकलमध्ये उभे असाल तर आठची वेळ ठरवण्यात अर्थ नाही. साडेनऊ ठरवा, सकाळीही साडेनऊ. रिव्हरॉक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या, नाहीतर त्या पुरत्या शोषल्या जात नाहीत. उपवासाच्या दिवशी चहा आणि दोन केळ्यांवर ही गोळी नको. फराळ पोटभर करून मग घ्या.

डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही आणि सात कप्प्यांच्या डबीतही काढून ठेवायची नाही. तिला दमट हवा सोसत नाही, आणि जुलैत मुंबईत कोरडी हवा आणायची कुठून? ती मूळ पाकिटातच राहू द्या.

डिगॉक्सिन आपल्याकडे पुष्कळदा ‘आठवड्यातून पाच दिवस’ अशी लिहून देतात. कुठले दोन दिवस सुट्टीचे, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात या औषधाच्या बाबतीत फार थोडं अंतर आहे. भूक मरणं, मळमळ, नजरेला पिवळट दिसणं ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात.

डोस चुकला तर? दुप्पट कधीच घ्यायचा नाही. पुढचं औषधागणिक बदलतं. अ‍ॅपिक्साबॅन त्याच दिवशी आठवली की घ्यावी आणि पुढचा डोस नेहमीच्या वेळी. डॅबिगॅट्रॅनच्या पुढच्या डोसला सहा तासांहून कमी उरले असतील तर चुकलेला सोडून द्यावा. वॉरफरिन त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, वहीत नोंद करायची.

४. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा

पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे उपयोगाची नाही, कारण ठोके समान अंतराने पडतच नाहीत. पाच मिनिटं शांत बसून मग मोजा. नाडी किती खाली गेली की गोळी घेण्याआधी फोन करायचा, तो आकडा आपल्या डॉक्टरांकडून घेऊन कागदावर लिहा. घरचं बीपी मशीनही एएफमध्ये गोंधळतं. तीनदा मोजून सरासरी धरावी.

५. जोडीला काय घेता, यावर नजर ठेवा

सर्दीच्या कित्येक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. नाक मोकळं होतं, पण ठोके किंवा रक्तदाब वाढू शकतो. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन हे रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण तेही रोज भरपूर घेतलं तर वॉरफरिनचा परिणाम वाढवतं.

अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, उलटीवरची ऑन्डॅनसेट्रॉन आणि डॉमपेरिडोन: अ‍ॅमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू असताना यांच्यामुळे ठोक्यांचा वेगळाच, अधिक धोकादायक बिघाड होऊ शकतो. गल्लीतल्या डॉक्टरांना ‘मी अमुक गोळी घेतो’ हे वाक्य ताप सांगण्याच्या आधी सांगा. कमरेत सुई देणार असतील तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे कळलंच पाहिजे. स्नायूत रक्त साठून गाठ येते.

पावसाळ्याचा एक खास मुंबई प्रश्न. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. वॉरफरिनवर असाल तरी ती नाकारू नका, पण सांगून घ्या आणि आयएनआर लवकर करून घ्या. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचं. तो निर्णय घरी व्हॉट्सअ‍ॅपवर होत नाही.

आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज मला तरी पटत नाही. खोकल्यासाठी दिवसभर ज्येष्ठमध चघळलं की शरीरातलं पोटॅशियम उतरू शकतं, आणि त्यावर डिगॉक्सिन असेल तर ती अंगावर येते. अर्जुनाचा काढा, लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या हेही त्या कागदावर लिहा. वरणभातातल्या फोडणीला कोणी काही म्हणत नाही.

पालेभाज्या वॉरफरिन आणि असेनोकुमारॉलवाल्यांना वर्ज्य नाहीत. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, म्हणून प्रमाण सारखं ठेवायचं. महिनाभर काहीच नाही आणि श्रावणात एकदम रोज पालेभाजी, असं केलं की आयएनआर डोलतो.

६. तपासण्या चुकवू नका

आयएनआर बहुतेकांचा २ ते ३ मध्ये हवा. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, लागतं. अ‍ॅमिओडॅरोनवाल्यांनी दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी करावी.

‘शेजारच्या काकांना नवी गोळी दिली, मला का नाही?’ लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर वॉरफरिनचाच गट लागतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात संधिवाती झडपविकार आणि एएफ असलेल्या रुग्णांत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा हाच गट सरस ठरला.

७. कधी थांबायचं नाही

डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवीत रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तरीही. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, यांतलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली यावरही ठरतं. म्हणून कागद सोबत न्या आणि त्यावर शेवटच्या डोसची वेळ लिहा.