बोर्डावरची क्यूटी विंडो डेस्कटॉपवर येत नव्हती, शेवटी आली (माझा अनुभव)

महापे एमआयडीसीत आमचा लिनक्सवाला छोटा बोर्ड मशीनच्या पॅनेलमध्ये बसवलाय, त्यावर क्यूटीचं (विंडो-बटणांचे प्रोग्राम बनवायचं टूलकिट) अ‍ॅप्लिकेशन चालतं आणि ते मला माझ्या टेबलावरच्या लिनक्स पीसीवर बघायचं होतं. एसएसएच (नेटवर्कवरून बोर्डात लॉगिन) व्हायचं पण अ‍ॅप चालू केलं की विंडो तिकडे पॅनेलच्या स्क्रीनवरच, इकडे काही नाही. साधा एक्सक्लॉक (घड्याळ दाखवणारा छोटा प्रोग्राम, चाचणीसाठी) टाकला तर 'कान्ट ओपन डिस्प्ले'.

आधी बोर्डावरच्या डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (विंडो कुठे दाखवायची ते सांगणारी सेटिंग) हाताने पीसीचा आयपी टाकला, पीसीवर एक्सहोस्ट प्लस केलं (म्हणजे कुणालाही विंडो दाखवायची परवानगी), उपयोग शून्य, कारण हल्लीचा एक्स सर्व्हर (स्क्रीनवर विंडो काढणारा प्रोग्राम) डिफॉल्टने टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून, ऐकतच नाही. दोन दिवस गेले, डोकं फिरलं.

मग हे केलं, याच क्रमाने. बोर्डावरच्या एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्स११ फॉरवर्डिंग यस' केलं, म्हणजे विंडो एसएसएचमधूनच पीसीवर येते. एक्सऑथ (एक्स सर्व्हरची परवानगीची किल्ली, म्हणजे कुकी, सांभाळणारं) पॅकेज टाकलं, छोट्या इमेजमध्ये ते बऱ्याचदा नसतं आणि खरी गोम हीच होती. एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट. पीसीवरून एसएसएच कमांडला 'डॅश कॅपिटल एक्स' लावून नवीन लॉगिन केलं, जुनं सेशन चालत नाही. बोर्डावर डिस्प्ले व्हेरिएबल एको करून बघितलं तर लोकलहोस्ट:१०.० आलं, म्हणजे पोर्ट ६०१० (६००० अधिक १०). हे आपोआप येतं, हाताने बदलू नका.

एक्सक्लॉक दिसला, क्यूटी तरीही पॅनेलवरच! ते डिफॉल्टने ईजीएलएफएसवर (एक्स न वापरता थेट बोर्डाच्या स्क्रीनवर काढणारा क्यूटीचा प्लगिन) चालत होतं, म्हणून अ‍ॅपच्या नावानंतर 'डॅश प्लॅटफॉर्म एक्ससीबी' (एक्स वापरणारा प्लगिन) दिलं आणि विंडो माझ्यासमोर. तो एक्ससीबी प्लगिन बोर्डाच्या इमेजमध्ये असायला लागतो हां. आणि सुडो लावून अ‍ॅप चालवू नका, रूटला तुमची एक्सऑथ कुकी मिळत नाही, परत तोच एरर.