बाण घरी ठेवून वाळवंटात: चिंकाऱ्याच्या मागावर जाण्याची आखणी

धनुर्विद्येचा सराव करणारे दोन तरुण गेल्या दिवाळीत घरी आले आणि राजस्थानात हरणाच्या मागावर जायचे तर धनुष्यबाण बरोबर नेता येतील का, असे त्यांनी अगदी सरळपणे विचारले. उत्तर 'नाही' असेच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चिंकारा आणि काळवीट ही दोन्ही हरणे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतात आणि त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणही मोडतो आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे 'नुसते फोटोपुरते' म्हणूनही धनुष्य गाडीत ठेवू नये. ज्या कोल्हापुरात चित्तेवान एके काळी पाळीव चित्ते काळविटांवर सोडत, तिथल्या माणसाला हे सांगताना थोडे चमत्कारिक वाटते खरे. मात्र जनावराला चाहूल न लागता जवळ जाण्याचे तिरंदाजाचे कसब कॅमेऱ्यामागेही तितकेच उपयोगी पडते आणि सहलीची आखणी त्या कसबाभोवतीच करावी.

पहिली तालीम घराजवळ करावी. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे असले तरी चिंकारा तिथे दिसतो. दुर्बिणीतून माळ सावकाश चाळणे, तपकिरी गवतात तपकिरी पाठ ओळखणे आणि किती अंतरावर जनावर मान वर करते याचा अंदाज घेणे, एवढे जरी तिथे साधले तरी राजस्थानातील पहिले दोन दिवस फुकट जात नाहीत.

प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मिरजेहून पुणे, अहमदाबादमार्गे जोधपूरला थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून रजेचा अर्ज गाडीचा वार पाहूनच लिहावा. कोल्हापूरच्या थंडीचा अनुभव गृहीत धरून एकच स्वेटर घेणारा माणूस वाळवंटातील पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कुडकुडत बसतो. कानटोपी आणि हातमोजे हवेतच, मात्र बोटे उघडी राहणारे.

ठिकाणे तीनपेक्षा जास्त ठरवू नयेत. खरे तर दोनच पुरेत. जोधपूरजवळच्या बिश्नोई (झाडे आणि जनावरे जपणाऱ्या समाजाच्या) गावांत, विशेषतः गुढा बिश्नोइयां परिसरात, काळवीट आणि चिंकारे शेताच्या कडेला निर्धास्त चरतात, कारण तिथे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अभय आहे. १७३० साली खेजडली गावात खेजडीच्या झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, ती खेजडी म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या दसरा चौकात पूजली जाणारी शमीच. इथे कोणाच्याही शेतात शिरण्याआधी घरधन्याला विचारावे. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. चुरू जिल्ह्यातील ताल छापर काळविटांसाठी, तर जैसलमेरपलीकडचे मरू राष्ट्रीय उद्यान चिंकाऱ्यासाठी. मरू उद्यानात सम गावच्या उंटांच्या गर्दीत न रेंगाळता सुदासरीच्या बाजूला जावे, प्रवेशाची परवानगी आधी काढावी आणि सरहद्द जवळ असल्याने ओळखपत्र सतत खिशात ठेवावे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माग काढणे. जिथे पायी फिरण्याची मुभा असेल तिथेच हे करावे. उद्यानात गाडीतूनच पाहावे. सूर्य उगवण्याआधी जागेवर पोहोचावे, उंचवट्याखाली बसावे आणि निदान अर्धा तास जागचे हलू नये. चिमूटभर बारीक माती हातातून सोडली की वारा कोणीकडे वाहतो ते लगेच कळते. तो आपल्याकडून जनावराकडे जात असेल तर कितीही लांबचा वळसा पडला तरी घ्यावा. सरळ रेषेत चालून जाऊ नये, तिरके चालावे, मधेच थांबावे आणि जनावर चरत असेल तेवढ्याच वेळात पाऊल टाकावे. चिंकारा पुढचा पाय आपटू लागला, शेपटी झटकू लागला किंवा शिंकेसारखा आवाज काढू लागला, की तो आपल्याला ओळखून चुकला आहे असे समजून तिथेच खाली बसावे. पुढे गेलात तर तो पळेल, आणि त्या दिवशी त्या माळावर दुसरा दिसेलच असे नाही. कळपाला हाकलून फोटो काढणे तर साफ वर्ज्य. हाकलणे, पिटाळणे हेही कायद्याने शिकारीतच मोजले जाते.

पहिल्या खेपेला ताल छापरला मी न्याहारी उरकून नऊनंतर निघालो होतो. काळविटाचा नर जवळपास शंभर पावलांवर उभा होता, शिंगांचे वेढे डोळ्यांना स्पष्ट मोजता येत होते, पण तापू लागलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असल्याने घरी आल्यावर प्रत्येक चित्रात तो जणू पाण्याखाली उभा होता. महागडी लेन्स त्यावर उपाय नाही. उपाय म्हणजे न्याहारी परतल्यावर करणे. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पुरते, ती बदलायची तर मुक्कामाच्या खोलीतच बदलावी आणि बाहेर असताना कॅमेरा धोतराच्या जुन्या, मऊ कापडात गुंडाळून ठेवावा.

घरी आल्यावर चित्रे इतरांना दाखवताना त्यांतील ठिकाणाची नोंद पुसून टाकावी आणि 'राजस्थान' एवढेच लिहावे, कारण चोरटे शिकारीही तीच चित्रे पाहत असतात.