समर रीडिंग: डावा रकाना सोपा, उजवा खरा

जूनमध्ये शाळा सुटायच्या सुमारास समर रीडिंगची, म्हणजे सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी येते आणि घरचे म्हणतात, "एवढंच? अडीच महिने पडलेत की!" आमच्याकडेही हेच. वसईत सुट्टीचा अभ्यास म्हणजे शुद्धलेखनाची वही, शाळा उघडायच्या आदल्या रात्री भावंडांनी मिळून उरकलेली. न्यू जर्सीतल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये नववीला आलात तर ही सवय विमानतळावरच सोडा. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आगेमागे वर्ग भरतात आणि पहिल्याच आठवड्यात यादीतल्या पुस्तकावर टेस्ट नाहीतर वर्गात बसून निबंध. त्याचे मार्क थेट पहिल्या क्वार्टरमध्ये.

मॅथ्सचं पॅकेट, म्हणजे गणितांचा गठ्ठा, रोज थोडं सोडवलं की संपतं. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय, घेतला असेल तर त्याचा अभ्यास वेगळा आणि जडच असतो. पण आपली मुलं अडकतात ती इंग्लिश आणि थिऑलॉजीत, म्हणजे धर्माच्या विषयात. नेमकं सांगायचं तर डायलेक्टिकल जर्नलमध्ये.

पानावर उभी रेघ. डावीकडे पुस्तकातलं वाक्य, पान नंबरासकट. उजवीकडे तुमचा प्रतिसाद. दिसायला पोरखेळ. मी पानंच्या पानं भरली आणि जवळजवळ प्रत्येक पानावर लाल शाईत शेरा आला: गोष्ट मला माहीत आहे, तुझं म्हणणं कुठे आहे? आपण 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' आणि 'कोण कोणास म्हणाले' यांवर वाढलेली माणसं. वाक्य दिसलं की हात आपोआप लिहायला लागतो: हे वाक्य अमुक तमुकला म्हणतो, तेव्हा असा प्रसंग असतो. बोर्डाच्या परीक्षेत याला मार्क आहेत. इथे शून्य.

थिऑलॉजीचंच उदाहरण घेऊ. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये हायस्कूलसाठी जो आराखडा मंजूर केला, त्यात पहिला विषयच पवित्र शास्त्रातून येशूची ओळख हा आहे. त्यामुळे नववीच्या सुट्टीत एखादं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचायला देण्याची पद्धत बरीच आहे. चारांपैकी मार्कचं शुभवर्तमान सगळ्यांत छोटं, सोळाच अध्याय. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ येतं, नाव पाण्याने भरायला लागते आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. समजा, डाव्या रकान्यात तुम्ही अडतिसावं वचन लिहिलंत. उजवीकडे 'वादळ आलं, शिष्य घाबरले, त्यांनी येशूला उठवलं' असं लिहिलं की संपलात.

आता परत वाचा. उशी कशाला सांगितली? हाच प्रसंग मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतही आहे, तिथे झोप आहे पण उशी नाही. शिष्य काय म्हणतात बघा. मत्तयकडे ते 'प्रभू, वाचव' म्हणतात. मार्ककडे मात्र विचारतात की आम्ही मरतोय त्याचं तुला काहीच नाही का? ही प्रार्थना नाही, तक्रार आहे. घरातलं माणूस आजारी असताना देवावर अशी चिडचिड तुम्ही केली असेल तर तेही लिहा. हा झाला उजवा रकाना. चार ओळी पुरतात, फक्त त्या तुमच्या हव्यात. भाषा मोडकीतोडकी असली तरी शिक्षक सांभाळून घेतात, हे मी खात्रीने सांगतो. माझं इंग्रजी तेव्हा भयंकर होतं. मी आधी घरातल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'मध्ये मराठीत वाचायचो, मग इंग्रजीत. त्यात लाज कसली? उतारा तेवढा इंग्रजीतून घ्या.

आवृत्तीकडे नीट बघा. यादीत आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा नंबर, दिलेला असतो तो उगाच नाही. मुंबईहून येणाऱ्या मावशीकडून स्वस्तातली भारतीय आवृत्ती मागवलीत तर पान नंबर जुळत नाहीत आणि डावा रकानाच खोटा वाटायला लागतो. फोनवरच्या ई-बुकचंही तसंच, अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. बायबलला पान नंबर लागत नाही, अध्याय आणि वचन पुरतं. पण ते कॅथलिक बायबल हवं, ७३ पुस्तकांचं. हॉटेलच्या खणात सापडणाऱ्यात बहुधा ६६ असतात. पुढे त्यात नसलेल्या मक्काबींच्या पुस्तकांवर प्रश्न आला तर शोधत बसाल.

सारांश देणाऱ्या साइट आणि आता एआय. माझं मत कडवट आहे: वाचल्यावर बघा, वाचण्याऐवजी नको. सी. एस. लुईसचं 'द स्क्रूटेप लेटर्स' कधी यादीत आलं तर कळेल. १९४२ सालचं पुस्तक, एक म्हातारा सैतान पुतण्याला पत्रं लिहितो, ३१ पत्रं. त्यात 'शत्रू' म्हणजे देव. वरवर चाळलं की सगळंच उलटं कळतं, आणि टेस्ट काढणाऱ्यांना ती जागा बरोब्बर माहीत असते. सीनियरने मायेने दिलेलं जुनं जर्नलही घेऊ नका. नक्कल पकडणाऱ्या टर्निटिन सॉफ्टवेअरला माया नसते. समर ट्यूटरवर पैसे घालवण्यापेक्षा जुलैत शिक्षकांना एक ईमेल करा. उत्तर उशिरा येईल, पण फुकट आणि अचूक येईल.

तुम्ही कॅथलिक नसाल तरी थिऑलॉजी सहसा सुटत नाही. घाबरू नका. तुमची श्रद्धा कुणी तपासत नाही, वाचलंय का ते तपासतात. माझ्या वर्गातल्या एका गुजराती मुलीचं मार्कवरचं जर्नल आम्हा बाप्तिस्मा झालेल्यांपेक्षा चांगलं होतं, कारण तिला आधीपासून काहीच 'माहीत' नव्हतं.

सर्व्हिस अवर्स, म्हणजे समाजसेवेचे तास, हे वेगळंच प्रकरण. शाळेने सुट्टीत करायला सांगितले असतील तर फूड पँट्रीतून, म्हणजे गरजूंना धान्य वाटणाऱ्या केंद्रातून, निघतानाच फॉर्मवर सही घ्या. ऑगस्टच्या शेवटी सही करणारी बाई रजेवर असते आणि तिच्या जागी बसलेल्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं.