तळपायाची कमान बळकट करण्यासाठी
फुटाळा तलावाच्या काठाने सकाळी फिरून आल्यावर ज्यांचे तळपाय भरून येतात आणि ज्यांच्या चपला आतल्या बाजूनेच झिजतात, त्यांनी हा व्यायाम रोज करावा.

खुर्चीवर बसून अनवाणी पाऊल फरशीवर सपाट टेकवावे आणि बोटे न मुडपता अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा टाचेच्या दिशेने ओढावा, म्हणजे मधली कमान वर उचलली जाते. 5 सेकंद थांबून सैल सोडावे व प्रत्येक पायाने 10 वेळा करावे. नखे पांढरी पडली, तर जोर बोटांवर जात आहे असे समजावे. सवय झाल्यावर हेच उभ्याने करावे.

मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर अनवाणी मुळीच उभे राहू नये, कारण त्यांना चटका बसल्याचे कळतही नाही.