सरळ सोंडेचा भुंगा कसा ओळखायचा आणि कुठल्या कुळात टाकायचा

सोंडवाला भुंगा हाताला लागला की सगळे आधी सोंड बघतात, पण कुळ ठरवायचंय तर आधी मिशा बघा. दहापट दाखवणारं भिंग पुरतं, मोबाईलला मॅक्रो लेन्स असेल तर अजून बरं. मिशीचा पहिला भाग लांब आणि तिथून ती कोपरात वाकल्यासारखी वळलेली, तर तो बहुतेक कर्क्युलिओनिडी कुळातला नेहमीचा भुंगा, आणि शेवटपर्यंत न वळता गेली असेल तर ब्रेंटिडी, म्हणजे सरळ सोंडेच्या भुंग्यांच्या कुळाचा विचार करायचा.

पण लगेच शिक्का मारू नका, कारण पानांची गुंडाळी करणाऱ्या अटेलाबिडी कुळाच्या मिशाही सरळच असतात आणि ब्रेंटिडीतल्याच नॅनोफायिनी उपकुळाच्या मात्र वाकलेल्या, म्हणून अख्खं अंग बघायचं. अंग लांबट, अरुंद आणि सोंड अंगाच्याच रेषेत पुढे आलेली, तर ब्रेंटिनी उपकुळाकडे वळा.

हात बसवायला सायलास फॉर्मिकॅरियस घ्या, रताळं पोखरणारा. जेमतेम 6 मिमी, डोकं आणि पंखांची ढाल काळपट निळी, छाती आणि पाय तांबडे, लांबून मुंगीच वाटते. मिशीचा शेवटचा भाग लांब दांडीसारखा असला तर नर, आखूड अंडाकृती असला तर मादी.

नर-मादी बघायचा कंटाळा अजिबात करू नका! याच कुळातल्या न्यूझीलंडच्या जिराफ भुंग्यात नराच्या मिशा सोंडेच्या टोकाशी आणि मादीच्या साधारण मध्यावर, कारण तिला सोंडेने लाकडात भोक पाडून अंडं घालायचं असतं, मिशा मध्ये येऊन कसं चालेल. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये या नर-मादीला दोन वेगळ्या प्रजाती समजून दोन नावं दिली होती.

आता खरा अवघड आणि माझा सगळ्यात आवडता, इथिसेरस नोव्हेबोरासेन्सिस, पूर्व उत्तर अमेरिकेतला. राखाडी अंगावर काळे ठिपके, 12 ते 18 मिमी, सोंड आखूड आणि रुंद, नुसत्या आकारावरून ब्रेंटिडी कुणाच्या मनातही येणार नाही, मिशा मात्र सरळ. निसर्गअभ्यासक फॉर्स्टरने 1771 मध्ये त्याला कर्क्युलिओ वंशात टाकलं, पुढे या एकट्यासाठी इथिसेरिडी असं वेगळं कुळ झालं आणि आता त्याला ब्रेंटिडीतलं उपकुळ धरतात. आता ब्रेंटिडीतच धरलं जाणारं एपिओनिडीसुद्धा जुन्या पुस्तकात स्वतंत्र कुळ दिसेल, तेव्हा पुस्तक कुठल्या सालचं ते आधी बघा आणि नमुन्याच्या लेबलवर कुळापुढे कुठलं वर्गीकरण वापरलं तेही लिहा.