नाथसागरावर होडीतून पक्षी बघताना या चुका टाळा

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. "जायकवाडी किती टक्के भरलं?" हा प्रश्न मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यासाठी आणि उसासाठी विचारला जातो. पक्षी बघायला निघणाऱ्यानेही तो सगळ्यात आधी विचारावा. धरण नव्वद टक्क्यांच्या वर असलं की काठचा चिखल पाण्याखाली असतो. शेकाट्या, तुतवार, चमचे, रोहित (फ्लेमिंगो) यांना पाय टेकायला उथळ जागाच उरत नाही. तेव्हा वारकरी, तलवार बदकं, पाणकावळे, कुरव (गल) बघायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरतं, गाळपेर, म्हणजे काठची गाळाची जमीन, उघडी पडते आणि चिखलातले पक्षी येतात. भरलेल्या धरणावर डिसेंबरात एक फेरी मारायची आणि "यंदा रोहित आलेच नाहीत" असं सांगत सुटायचं, ही चूक दरवर्षी होते.

वेळ आणि दिशा
पैठणहून निघालात तर जलाशय पश्चिमेकडे पसरलेला आहे. सकाळी ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी त्याच वाटेने गेलात तर सूर्य डोळ्यांवर येतो आणि प्रत्येक बदक काळं दिसतं. उन्हं चढली की वाराही उठतो, लाटांत दुर्बीण स्थिर राहत नाही. उजाडताना निघा. पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) मात्र पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरायला असू शकतात. ते काठावर विसावलेले बघायचे तर थोडं उशिरा. नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणचे रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा बेत पुढे ढकला.

थव्यावर होडी घालणं
सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. फोटोसाठी नाकासमोर होडी नेली की थवा उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची चरायची वेळ आणि अंगातली चरबी, दोन्ही त्यात जातात. थवा उठण्याआधी इशारा देतो, तो वाचायला शिका. आधी चरणं थांबतं. मग माना ताठ वर होतात. मग सगळे एकाच दिशेने पोहत दूर सरकतात. माना वर झाल्या, तिथेच थांबायचं. सरकू लागले तर मागे फिरायचं. साधारण दोनशे मीटरवर इंजिन बंद करा आणि वल्ह्याने तिरपे जा, त्यांच्या वाटेला आडवे येऊ नका. कुरवांना शेव-फरसाण टाकू नका.

बेटांवर उतरणं
पाणी उतरल्यावर वाळूची, मुरमाची बेटं वर येतात आणि डबा खायला तिथे उतरायचा मोह होतो. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर उतरू नका. नदी सुरयाचं (टर्नचं) घरटं म्हणजे वाळूतला नुसता उथळ खळगा. त्यात दोन-तीन मातकट, ठिपकेदार अंडी असतात. हातभर अंतरावरूनही ती खड्यांसारखीच दिसतात. पायाखाली जातातच, आणि न गेली तरी पालक वर घिरट्या घालत राहतात तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. टिटवी तर अंडी गार ठेवायला पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. डोक्यावर कलकलाट सुरू झाला की समजा घरटी जवळ आहेत. आल्या पावली परता.

दुर्बीण आणि कॅमेरा
होडीत दहा-बारा पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा आठ बाय बेचाळीस (आठ पट, बेचाळीस मिलीमीटरची भिंग) बरी. दुर्बीण जितक्या पटीची, हाताचं हलणंही तितक्याच पटीने वाढून दिसतं. लेन्स होडीच्या काठावर टेकवली तर इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. कोपरं बरगड्यांना लावून बसा. उडत्या सुरयासाठी शटर 1/2000च्या आसपास.

कुरव ओळखताना
तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, कानामागे फक्त गडद डाग उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तेच. म्हणून डोकं सोडा, पंख बघा: टोकाला काळ्यात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड लांबवर पांढरी असली तर काळ्या डोक्याचा.

परवानगी, जॅकेट, इंजिन
जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय होडी काढू नका, ड्रोन तर नाहीच. थर्माकोलच्या तराफ्यावर बसू नका. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्यांशी धरून वर ओढून बघा. कानांपर्यंत येत असेल तर ते सैल आहे.

इंजिन सुरूच होत नसेल तर आधी सुरक्षा-दोरीची क्लिप (जी निघाली की इंजिन बंद पडतं) जागेवर आहे का बघा. पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर बहुधा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो: हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल येत नाही. तो उघडा आणि पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली तर लगेच बंद करा, पाणी ओढायच्या जाळीत बहुधा शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं. पंख्यात मासेमारीचं जाळं गुंतलं तर क्लिप काढून खिशात घाला, इंजिन वर उचला आणि पंखा हाताने उलटा फिरवत जाळं सोडवा. कापू नका, त्यावर कुणाचं तरी पोट आहे. एवढं करूनही इंजिन चाललं नाही तर वल्ही हवीत, म्हणून निघतानाच ती मोजून घ्या: दोन.