थारच्या उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या : या चुका टाळा

पश्चिम राजस्थानात मे-जून महिन्यांत दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ते ५१ अंशांवर पोहोचले होते. नोकरी किंवा बदलीमुळे जोधपूर, बिकानेर, जैसलमेरकडे गेलेल्या मराठी कुटुंबाने गावाकडच्या सवयीने परसात चार-सहा कोंबड्या पाळायच्या ठरवल्या, तर गावाकडचीच पद्धत तिथे उचलून नेणे ही पहिली चूक ठरते. आपल्याकडील खुराडे पाऊस, ओल आणि मुंगूस यांचा विचार करून बांधलेले असते. थारमध्ये मुख्य वैरी उष्णता आहे, आणि तिच्याशी लढण्यासाठी कोंबडीकडे फारच थोडी साधने असतात.

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा थंड असते तोवर तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि पाय यांतून उष्णता बाहेर पडते. परंतु हवाच शरीराहून तापली की ती वाट बंद होते आणि चोच उघडी ठेवून धापा टाकत श्वासावाटे बाष्प बाहेर सोडणे एवढाच उपाय तिच्यापाशी उरतो. पुढील बहुतेक चुका हा एक उपायही तिच्याकडून हिरावून घेतात.

पत्र्याचे छप्पर आणि बंद भिंती

उघडा पत्रा दुपारी इतका तापतो की त्याखालची सावलीही कोंबडीला भाजून काढते. पत्रा वापरायचाच असेल, तर त्यावर चुन्याचा पांढरा लेप द्यावा आणि वर हातभर अंतर सोडून गवताचे किंवा कडब्याचे दुसरे छप्पर घालावे, म्हणजे दोन थरांमधून हवा खेळती राहते. मारवाडातील झोपड्यांवर खींप किंवा सीनिया या वाळवंटी झुडपांचे शाकारणे असते. तेच खुराड्यालाही सर्वोत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर पडत नाही.

लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, आत येऊ नये म्हणून चारी बाजू ताडपत्रीने बंद करणे ही याहून घातक चूक आहे. कोंबड्यांच्या श्वासातील बाष्प आतच कोंडते, हवा दमट होते आणि धापा टाकूनही अंग थंड होईनासे होते. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा किंवा वाळ्याचा पडदा बांधून तो ओला ठेवावा आणि समोरची बाजू जाळी लावून मोकळी सोडावी. नुसता पंखा लावून निश्चिंत होणेही चुकीचे आहे, कारण ४३-४४ अंशांची कोरडी हवा अंगावर फेकणारा पंखा कोंबडीला उष्णता देतो, तिची उष्णता घेत नाही. ओल्या पडद्याच्या जोडीला मात्र तोच पंखा उत्तम काम करतो.

पाण्यातील चुका

अंडी घालणारी कोंबडी सौम्य हवेत दिवसाला साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात तिची गरज दुपटीवर जाते. पाणी भरून ठेवले की काम झाले, असे समजले जाते. प्रत्यक्षात गरम पाणी कोंबडी टाळते आणि भरल्या भांड्याशेजारी तहानलेली राहते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील दुपारचे पाणी कधीही देऊ नये. पहाटे माठ भरून ठेवावा आणि त्यातील पाणी मातीच्या पसरट परळांत, सावलीत, निदान दोन-तीन ठिकाणी द्यावे, म्हणजे दांडगट कोंबडी एकच भांडे अडवून बसली तरी इतरांची सोय होते. कोरड्या हवेत मातीचे भांडे पाझरून स्वतः थंड राहते. प्लास्टिक व पत्र्याच्या भांड्यात हा गुण नाही.

पाण्याचा खारटपणा हा या भागातील खरा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी भूजल खारे असते आणि त्यातच क्षारांची पूड किंवा मीठ-साखरेचे पाणी रोज मिसळले की मीठ प्रमाणाबाहेर जाते, विष्ठा पातळ होते आणि अंथरलेला थर ओला राहतो. घरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कोंबड्यांना देणे वरकरणी काटकसरीचे वाटते. पण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, म्हणून ते टाळावेच. घरी टांका, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याची जमिनीखालची टाकी असेल, तर ते पाणी थंड असते व त्यात क्षारही कमी असतात. क्षारांची पूड फक्त उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत, दुपारच्या काही तासांपुरती आणि एकाच भांड्यात द्यावी. दुसऱ्या भांड्यात साधे पाणी असलेच पाहिजे.

खाद्य आणि अंडी

भर दुपारी खाद्य देऊ नये, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. उजाडण्यापूर्वी आणि सूर्य कलल्यावर खाद्य द्यावे. उन्हाळ्यात कवच पातळ झाले की रोगाची शंका घेतली जाते. बहुधा कारण वेगळे असते. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे द्रव्य कमी पडते, शिवाय खाणे कमी झाल्याने कॅल्शियमही कमी मिळते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवावा, कारण कवच प्रामुख्याने रात्री तयार होते.

खुडूक बसलेली कोंबडी या काळात हमखास दुर्लक्षिली जाते. ती तापलेल्या कोनाड्यात तासन्‌तास बसून राहते, पाण्यालाही उठत नाही, आणि तिथेच दगावते. मे-जूनमध्ये तिला अंड्यांवर बसूच देऊ नये.

कोंबडी कोसळल्यास

पंख अंगापासून दूर धरणे आणि उघडी चोच ही सुरुवातीची लक्षणे होत. तुरा फिका पडला, चाल झोकांडली किंवा कोंबडी आडवी झाली, तर वेळ अगदी थोडा असतो. घाबरून बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. माठातील पाण्यात पाय व पोट बुडवावे, तुरा ओला करावा, डोके पाण्याबाहेर ठेवावे आणि वाऱ्यात, सावलीत धरावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. चोचीच्या कडेला थेंब लावावेत. संध्याकाळी हवा निवल्यावरही धाप थांबली नाही, घरघर ऐकू आली, नाकातून स्राव आला किंवा विष्ठा हिरवी झाली, तर ते उष्णतेचे दुखणे नव्हे. मानमोडीसारख्या रोगाची शक्यता धरून पशुवैद्यकाला दाखवावे.

जात आणि वेळ

ब्रॉयलर किंवा दाट पिसांची भारी परदेशी जात थारमध्ये पाळणे म्हणजे पक्ष्याला छळणे आहे. आखूड, घट्ट पिसांची असील, उघड्या मानेची जात किंवा उदयपूरच्या कृषी विद्यापीठाने परसातील पालनासाठी विकसित केलेली प्रतापधन यांचा विचार करावा. पिल्ले ऑक्टोबरमध्ये किंवा फेब्रुवारीत आणावीत. मे महिन्यात पिल्ले आणून, पुस्तकात लिहिले आहे म्हणून भर दुपारीही उबेचा दिवा चालू ठेवणे जीवघेणे ठरते, कारण पहिल्या आठवड्यात लागणारे ३२ ते ३५ अंश बाहेर आधीच ओलांडलेले असतात.

पावसाळी वारे आले की ओल्या पडद्याचा उपाय थांबवावा. दमट हवेत पाण्याचे बाष्प फारसे होत नाही, उलट ओल वाढून कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवीचा संसर्ग बळावतो; तेव्हा मोकळा वारा आणि कोरडी वाळूच उपयोगी पडते. लाकडाच्या फटी मात्र वर्षभर तपासाव्यात, कारण कोंबड्यांची गोचीड दिवसा तिथे दडून रात्री रक्त पिते. फटी बुजवून चुना द्यावा आणि राख मिसळलेल्या वाळूचा खड्डा धूळस्नानासाठी ठेवावा. हिवाळ्यात चुरू-फतेहपूरकडे रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी सोडलेली बाजू डिसेंबरात रात्रीपुरती झाकण्याची सोय खुराडे बांधतानाच करून ठेवावी.